नवऱ्याविरुद्ध साक्षीचं समन्स आलंय: कागद हातात पडल्यापासून निकालापर्यंत काय करायचं

दुपारी पोलीस ठाण्यातला हवालदार दाराशी येतो, एका कागदावर सही घेतो, दुसरा हातात देतो आणि निघून जातो. कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि त्यापुढे तुमच्या नवऱ्याचं नाव असतं. खाली साक्षीदार म्हणून तुमचं. केस नोंदवून तीन-चार वर्षं उलटलेली असतात. त्या काळात कुणी माहेरी स्थिरावलेली असते, कुणी खोली घेऊन वेगळी राहत असते, तर कुणी मुलांकडे बघून परत नांदायला गेलेली असते. ही तिसरी जेव्हा माझ्याकडे येते, तेव्हा तो कागद बहुतेक वेळा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घडी करून लपवलेला असतो. आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, नाही गेले तर काय होईल?"

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरची वकील म्हणून मी अशा बायकांबरोबर कोर्टात उभी राहते. हा लेख महाराष्ट्रातल्या फौजदारी कोर्टात साक्षीला बोलावलेल्या बाईसाठी आहे. प्रत्येक केसची फाइल वेगळी असते, म्हणून हे वाचून झाल्यावर स्वतःच्या वकिलाशी बोलायचंच आहे. तो वकील फुकट कसा मिळतो, तेही पुढे सांगते.

आधी कागद नीट वाचा

घरगुती हिंसेच्या प्रकरणात तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून कागद येतात आणि तिन्ही सारखेच दिसतात. कौटुंबिक न्यायालयाचं समन्स आलं, तर बहुधा नवऱ्याने घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा टाकलेला असतो आणि तुम्ही तिथे प्रतिवादी असता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्हीच अर्ज केला असेल, तर तिथे तुम्ही अर्जदार. फौजदारी खटल्यात मात्र तुम्ही साक्षीदार असता. फिर्याद तुम्ही दिली असेल, वडिलांनी दिली असेल किंवा शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं असेल, खटला चालवतं ते सरकारच. हा लेख या तिसऱ्या कागदाबद्दल आहे.

कागदावर कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख, वेळ, कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची सही आहे का ते बघा. कलमं बघून गोंधळू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्यात कलम ४९८ अ दिसेल, त्यानंतरच्या गुन्ह्यात कलम ८५. गुन्हा तोच आहे: नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सोबत मारहाण, धमकी, शिवीगाळ यांची कलमं असतात.

नव्या कायद्यात समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं. मोबाइलवर काही आलं, तर ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केस नंबर किंवा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाका. केस खरी असेल तर पुढची तारीख तिथे दिसते. समन्ससाठी कोर्ट कधीच पैसे मागत नाही. कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक आहे.

तुम्ही घरी नसाल तर घरातल्या सज्ञान माणसाच्या हातातही समन्स देता येतं. सासरी राहत असाल तर याचा अर्थ नीट समजून घ्या: कागद आधी सासूच्या हातात पडू शकतो. अशी भीती असेल तर पोलीस ठाण्यात किंवा सरकारी वकिलांकडे जाऊन माहेरचा किंवा तुमचा खरा राहता पत्ता आणि स्वतःचा मोबाइल नंबर आधीच देऊन ठेवा.

"मी केस मागे घेते" हे वाक्य का चालत नाही

बहुतेक बायकांना वाटतं की केस माझी आहे, मी नको म्हटलं की संपली. तसं होत नाही. फौजदारी खटला सरकारचा असतो, आणि कलम ४९८ अ किंवा ८५ हे केंद्रीय कायद्याच्या तक्त्यात तडजोडीच्या गुन्ह्यांमध्ये नाही. साध्या मारहाणीचं किंवा धमकीचं कलम त्याच कोर्टात मिटवता येतं, छळाचं येत नाही.

दुसरा गैरसमज सिनेमातून आलेला आहे: बायकोला नवऱ्याविरुद्ध बोलायला लावता येत नाही. आपल्या कायद्यात फौजदारी खटल्यात नवरा किंवा बायको सक्षम साक्षीदार असतात. पुरावा कायद्याचं जुनं कलम १२० आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२६ हेच सांगतं. लग्नाच्या नात्यात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण आहे, पण त्याला एक मोठा अपवाद आहे. एका जोडीदाराने दुसऱ्यावरच गुन्हा केल्याचा खटला असेल तर ते संरक्षण उरत नाही. "तू पोलिसांत गेलीस तर जाळून टाकीन" असं तो चार भिंतींत म्हणाला असेल, तर ते तुम्ही कोर्टात सांगू शकता.

आणखी एक भीती मी वारंवार ऐकते: "मीही त्याला ढकललं होतं, ते विचारलं तर?" साक्षीदाराला असा प्रश्न टाळता येत नाही, पण कोर्टाने भाग पाडल्यामुळे दिलेलं उत्तर तुमच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. खोटं सांगितलं तर मात्र कारवाई होऊ शकते. म्हणून ढकललं असेल तर ढकललं म्हणा, आणि कशासाठी ढकललं तेही सांगा.

नाही गेलात तर

पहिल्या गैरहजेरीला सहसा जामीनपात्र वॉरंट निघतं. पोलीस घरी येतात आणि तारखेला हजर राहण्याचा बंधपत्र लिहून घेतात. पुन्हा गेला नाहीत तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं, म्हणजे पोलीस तुम्हाला धरून कोर्टात नेतात. समन्स मिळूनही जाणूनबुजून न जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. साक्षीला न आलेल्या बाईला थेट तुरुंगात पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही, पण पोलिसांची गाडी सोसायटीच्या दाराशी उभी राहिलेली पाहिली आहे. ज्या लाजेपायी ती कोर्टात येत नव्हती, तीच लाज मग सगळ्या आळीला दिसली.

आजारी असाल, बाळंतपण जवळ आलं असेल, मुलाची परीक्षा असेल, तर तारखेच्या आधी वकिलामार्फत किंवा सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडा. दूर राहत असाल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घेण्याची विनंतीही करता येते. सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मान्य केली आणि नव्या फौजदारी प्रक्रियेत तिची स्पष्ट तरतूद आहे. नोकरी असेल तर समन्सची प्रत दाखवून रजा घ्या आणि कोर्टातून हजेरीचा दाखला मागून घ्या. प्रवासखर्चासाठी साक्षीदार भत्ता असतो. रक्कम फार नसते, पण तो मागायला संकोच करू नका.

वकील कुठून आणायचा

सरकारी वकील तुमचे वकील नसतात. ते सरकारचे असतात, आणि एका दिवसात त्यांच्यापुढे ढीगभर केसेस असतात. तुम्ही त्यांना सांगितलेलं गुप्त राहीलच असं नाही. स्वतःच्या वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुप्त राहतं, म्हणून मनातला गोंधळ आधी तिथे मोकळा करा.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. आधार कार्ड आणि समन्स घेऊन जा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे. कोर्टाच्या परवानगीने हा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला उभा राहू शकतो. नव्या प्रक्रियेत पीडितेचा वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रतही विनामूल्य मिळते, म्हणजे पोलिसांनी तुमच्या तोंडी काय लिहिलंय ते साक्षीआधी कळतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा वकील घ्यावा असं माझं मत आहे.

त्याच्याच घरात राहून साक्ष द्यायची असेल तर

हा भाग मी लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त धोका इथे असतो. समन्स आल्यापासून साक्षीच्या तारखेपर्यंतच्या दिवसांत घरातलं वातावरण बदलतं. कधी तो अचानक गोड वागतो, साडी आणतो, मुलांना फिरायला नेतो. कधी दीर, आत्या, गावातला एखादा मोठा माणूस 'समजवायला' येतो. आणि कधी सरळ धमकी येते: "तारखेला काय बोलायचं ते लक्षात ठेव."

साक्ष बदलण्यासाठी धमकावणं हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम २३२ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय नवरा जामिनावर असेल तर साक्षीदाराला न धमकावण्याची अट जवळजवळ नेहमीच असते. ती मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. धमकी फोनवर आली तर मेसेज पुसू नका, आणि ज्या फोनवर ती आहे तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं, पण मूळ फोनच कोर्टात हजर केला तर काम सोपं होतं.

तारखेच्या आठ-दहा दिवस आधी एक पिशवी तयार करा आणि ती घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. तुमचं आणि मुलांचं आधार, बँक पासबुक, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद, एफआयआरची प्रत, रोजची औषधं, दोन दिवसांचे कपडे आणि थोडे सुटे पैसे. हे सगळं अतिरेकी वाटेल. एकदा साक्षीनंतर संध्याकाळी घराला कुलूप लावलेलं सापडलं आणि मुलाचं दम्याचं औषध आत अडकलं. तेव्हापासून मी प्रत्येकीला हे सांगते.

कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. संरक्षण आदेशाचा अर्ज अजून केला नसेल तर आता करा. न्यायदंडाधिकारी निकडीच्या वेळी नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश देऊ शकतात. तो आदेश मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे हा अर्ज भरून मिळतो. काही दिवस आसरा हवा असेल तर सखी वन स्टॉप सेंटर आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

साक्षीदार संरक्षण योजनेबद्दल बरेच जण विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली ही योजना मुख्यतः मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आणि विनयभंगासारख्या काही ठरावीक गुन्ह्यांसाठी आहे. फक्त छळाचं कलम असेल तर अर्ज तिथे अडू शकतो, खुनाच्या प्रयत्नाचं कलम असेल तर जरूर करा. पण २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या रुंद केली आणि अशा साक्षीदारांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात वेगळ्या खोल्या उभारायला सांगितल्या. न्यायाधीशांना तुम्ही असुरक्षित वाटलात तर तिथे साक्ष घेता येते. म्हणून "मला त्याच्यासमोर बोलायला भीती वाटते" हे मनात ठेवू नका, अर्जात लिहा. साक्षीच्या वेळी बाकीच्या लोकांना बाहेर ठेवण्याची विनंतीही करता येते.

काय सही करायचं नाही

साक्षीच्या आधी नवऱ्याकडून कुणीतरी स्टॅम्प पेपर आणतं. "नोटरीकडे एक सही कर, मग तुला कोर्टात बोलावंच लागणार नाही." त्या कागदावर लिहिलेलं असतं की गैरसमजातून तक्रार केली होती, मारहाण झालीच नव्हती. अशा कागदाने खटला संपत नाही. होतं एवढंच की तुमची शपथेवरची दोन उलट विधानं तयार होतात, आणि तो कागद उलटतपासात, म्हणजे समोरच्या वकिलाच्या प्रश्नांत, तुमच्याच पुढे धरला जातो. जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे झाला असेल तर प्रकरण आणखी नाजूक होतं. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. "माझ्या वकिलाला दाखवून सांगते" एवढं म्हणा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा.

साक्षीची तयारी

एफआयआर दिलेली असेल तर तिची प्रत तुमच्याकडे असायला हवी. ती आणि आपला पोलीस जबाब दोन वेळा शांतपणे वाचा. पाठ करू नका. पाठ केलेली साक्ष पहिल्या आडव्या प्रश्नाला कोसळते. वाचताना जे चुकीचं किंवा जास्तीचं लिहिलं गेलंय त्यावर खूण करा आणि वकिलाला दाखवा.

जास्तीच्या नावांबद्दल स्पष्ट बोलते. रागाच्या भरात किंवा कुणाच्या सल्ल्याने फिर्यादीत दिल्लीला राहणारी नणंद, म्हातारे चुलत सासरे अशी नावं घातलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांवरच्या मोघम आरोपांबद्दल पुन्हा पुन्हा नाराजी नोंदवली आहे. ती नणंद त्या रात्री घरी नव्हती, तर शपथेवर 'होती' म्हणू नका. एका खोट्या नावामुळे खऱ्या माराबद्दल शंका उभी राहते. आधीचं चुकीचं विधान सुधारायची जागा साक्षीचा पिंजराच आहे. तिथे खरं सांगणं हेच तुमचं कर्तव्य आहे.

स्वतःसाठी एका कागदावर घटनांचा क्रम लिहा. तारीख आठवत नसेल तर सण, मुलाचा वाढदिवस, पगाराचा दिवस असं काहीतरी लावून बघा. कुठल्या दवाखान्यात गेलात, कुणाला फोन केला, कोण शेजारी आलं. हा कागद वकिलाला द्या, पिंजऱ्यात नेऊ नका.

कोर्टाचा दिवस

अकराच्या आत पोहोचा. सोबत एक बाई किंवा भाऊ असू द्या, पण जो स्वतः साक्षीदार आहे त्याला तुमची साक्ष चालू असताना आत बसता येत नाही. नवरा त्याच व्हरांड्यात, कदाचित त्याच बाकावर असेल. पैरवीच्या, म्हणजे कोर्टाच्या कामावर असलेल्या, हवालदारांना सांगून दुसरीकडे बसा. पाण्याची बाटली घ्या, मोबाइल बंद करा. पट्टेवाला नाव पुकारेल तेव्हा आत जायचं. दिवसभर बसूनही नंबर लागला नाही असं होतं. मात्र हजर असलेल्या साक्षीदाराला खास कारण नोंदवल्याशिवाय न तपासता परत पाठवू नये असा नियम आहे, आणि वकिलाने त्याची आठवण करून दिली की फरक पडतो.

शपथ दिली जाते. देवाच्या नावाने घ्यायची नसेल तर 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' चालते. मग सुरू होतो सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न. न्यायाधीश एकेक वाक्य टंकलेखकाला सांगतात, म्हणून तुम्हीही एकेक वाक्य बोलून थांबायचं. "त्याने खूप छळ केला" यातून कोर्टाला काहीच मिळत नाही. "दाराची कडी लावली, माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं" हे वाक्य लिहिलं जातं. जे शब्द तोंडातून काढायला लाज वाटते तेच शब्द अनेकदा महत्त्वाचे असतात. त्याने दिलेली शिवी जशीच्या तशी सांगावी लागते. न्यायाधीशांनी ती हजारदा ऐकलेली असते.

त्यानंतर उलटतपास. बायका इथेच खचतात. समोरच्या वकिलाचं काम शंका निर्माण करणं हे आहे, तो तुमचा वैरी नाही. प्रश्न पूर्ण ऐका, एक श्वास घ्या, आणि उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या. नवऱ्याकडे बघायची गरज नाही. तुमची खरी उत्तरं बहुधा चारच प्रकारची असतील: हो, नाही, मला माहीत नाही, आठवत नाही. यातलं शेवटचं उत्तर खरोखर आठवत नसेल तेव्हाच द्या. आठवत असून विसरल्याचं दाखवणं हेही खोटंच.

एका बाईची साक्ष माझ्या डोळ्यासमोर आहे. वकील तिला सारखे तारीख विचारत होते आणि ती सारखी "तारीख सांगता येणार नाही" म्हणत होती. मग त्यांनी खिजवायला विचारलं, "तारीख आठवत नाही, मग काय आठवतं?" ती म्हणाली, "गॅसवर कुकर होता. तो उतरवायला मी वळले आणि मागून धक्का बसला. डावा हात कुकरवर टेकला." दवाखान्याच्या दाखल्यात डाव्या हाताच्या भाजल्याची नोंद होती. त्या प्रश्नाची तयारी आम्ही कुणीच केली नव्हती. तिने जे घडलं ते सांगितलं.

काही प्रश्न ठरलेले असतात. "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं." सांगितलं असेल आणि जबाबात नसेल, तर "मी सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते मी सांगू शकत नाही" एवढं पुरेसं आहे. सांगायचं राहून गेलं असेल तर राहिलं म्हणा. "तुम्ही वेगळं राहायचा हट्ट धरला आणि भांडणात स्वतःच पडलात, बरोबर?" यात दोन प्रश्न आहेत, वेगळे करून उत्तर द्या: "वेगळं राहू या असं मी म्हणत होते. मी पडले नाही, मला पाडलं." "मार खाल्ला तर तीन वर्षं राहिलात कशा?" जे कारण असेल तेच सांगा: मूल लहान होतं, पैसे नव्हते, आईवडील परत पाठवत होते. हे ऐकताना न्यायाधीशांना आश्चर्य वाटत नाही. प्रश्न निव्वळ अपमान करण्यासाठी असेल तर न्यायाधीशांना तो थांबवता येतो. तुमचे वकील हरकत घेतील, नाहीतर तुम्ही स्वतः "साहेब, याचं उत्तर द्यावं लागेल का?" असं विचारू शकता.

शेवटी सूचनांची माळ येते: पैसे उकळायला खोटी केस केली, माहेरच्यांच्या सांगण्यावरून केली, आज खोटी साक्ष देताय. घाबरू नका, हे प्रत्येकीला विचारतात. "नाही, हे खोटं आहे" म्हणा आणि थांबा. समजावत बसू नका.

मग साक्ष वाचून दाखवतात. तुम्ही थकलेल्या असता आणि भराभर सही करून सुटावंसं वाटतं. तिथेच थांबा. कोर्टाच्या भाषेत "हे म्हणणे खरे नाही की, आरोपीने मला मारहाण केली नाही" अशी वाक्यं असतात. एक 'नाही' गळला की अर्थ उलटतो. प्रत्येक 'नाही' बोट ठेवून वाचा. चूक असेल तर सहीआधी सांगा.

साक्ष फिरवली तर

तुम्ही पिंजऱ्यात "काहीच झालं नाही" म्हणालात, तर सरकारी वकील तुम्हाला फितूर जाहीर करून तुमचाच उलटतपास घेतात. फितूर साक्षीदाराची सगळी साक्ष फेकली जाते असं नाही, दुजोरा मिळणारा भाग कोर्ट वापरू शकतं. जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फितूर झालेल्या प्रत्येक बाईवर कारवाई होत नाही हे खरं, पण पुढे पुन्हा मार बसला आणि नवी तक्रार घेऊन आलात, की हीच साक्ष तुमच्यासमोर ठेवली जाते. मला काळजी याची जास्त वाटते.

पण कितीतरी जणींचं मन यापेक्षा वेगळं असतं: मार खरा आहे, पण त्याने तुरुंगात जावं असं वाटत नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. झालेलं खरं सांगा, आणि शिक्षेबद्दलची इच्छा तुमच्या वकिलामार्फत कोर्टापुढे ठेवा. दोष सिद्ध झाल्यावरही १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार कोर्टाला असतो.

दोघांची खरंच तडजोड झाली असेल, तर तिची जागा उच्च न्यायालय आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, यांपैकी तुमच्या जिल्ह्याला लागू असलेल्या ठिकाणी गुन्हा रद्द करण्याचा अर्ज होतो. वैवाहिक वादात असा अधिकार वापरता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. तिथे तुमचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि संमती स्वखुशीची आहे ना, हे न्यायाधीश पाहतात. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा या अटी लेखी असल्याशिवाय संमती देऊ नका. खुनाच्या प्रयत्नासारखा गंभीर गुन्हा असेल तर नुसत्या समेटावर तो रद्द होईल असं धरून चालू नका.

साक्षीनंतर

त्या दिवशी एकटीने घरी जाऊ नका. रात्र कुठे काढायची हे सकाळीच ठरलेलं असू द्या, आणि कुणा एकीला पोहोचल्यावर फोन करायचं कबूल करा. अनेकींना त्या रात्री ताप येतो, झोप लागत नाही, 'हे सांगायचं राहिलं' असं डोक्यात फिरत राहतं. राहिलेलं महत्त्वाचं असेल तर सकाळी वकिलाला सांगा, पुन्हा बोलावण्याची विनंती करता येते.

आपल्या साक्षीची नक्कल काढून ठेवा. तुमच्यानंतर पंच, डॉक्टर आणि तपास अधिकारी यांच्या साक्षी होतात, तोवर तारखा अ‍ॅपवर बघत राहा. छळ बंद दाराआड होतो हे कोर्टाला माहीत असतं, आणि गुन्हा सिद्ध करायला अमुक इतके साक्षीदार हवेत असं कायदा म्हणत नाही. एकट्या बाईची विश्वासार्ह साक्षही पुरू शकते. तरी आरोपी निर्दोष सुटला, तर पीडितेला स्वतः अपील करता येतं, सरकारने ते केलं नाही तरी. त्याला मुदत असते, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाका आणि त्याची पोच जपून ठेवा.